गणिताच्या पुस्तकातली चारशे घरं

एक उदाहरण सोडवून पाहा. मनोरुग्णांसाठी एक रुग्णालय बांधायला ६० लाख मार्क खर्च येतो. कामगाराच्या कुटुंबासाठी एक साधं घर १५,००० मार्कांत बांधून होतं. रुग्णालयाच्या खर्चात अशी किती घरं झाली असती? उत्तर येतं ४००. भागाकार सोपा आहे.

१९३०च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्या शाळांसाठी छापलेल्या गणिताच्या एका पुस्तकात हे उदाहरण होतं. त्याच्या आगेमागे याच धाटणीची आणखीही होती. मुलाने वहीत भागाकार मांडला, शिक्षकांनी बरोबरची खूण केली आणि वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळला. या सगळ्यात कोणी कोणाला काही पटवून दिलं नव्हतं. मनोरुग्णांना जगण्याचा हक्क आहे की नाही, असा प्रश्न शिक्षकांनी वर्गात उघडपणे विचारला असता, तर एखाद्या मुलीला आपली आजारी आत्या आठवली असती, एखाद्या मुलाने हात वर केला असता, दोन बाजू पडल्या असत्या. गणिताच्या तासाला बाजू पडत नाहीत. आजारी माणूस निरोगी माणसाचं घर खातो, हे प्रश्नातच गृहीत धरलेलं होतं आणि मुलांचं सगळं लक्ष भागाकार चुकू नये याकडे होतं.

पुढे काय झालं ते नोंदलेलं आहे. ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने एका चिठ्ठीवर सही केली आणि तिच्यावर १ सप्टेंबर ही आधीची, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या दिवसाची तारीख घातली. बरे न होणाऱ्या रुग्णांना 'दयामरण' देण्याचा अधिकार त्या चिठ्ठीने काही डॉक्टरांना मिळाला. ऑगस्ट १९४१ पर्यंत हाडामार, ग्राफेनेक, हार्टहाइम अशा सहा ठिकाणी ७०,००० हून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले. नातेवाइकांना छापील साच्याची पत्रं गेली. आंत्रपुच्छाच्या दाहाने मृत्यू, असं एखाद्या पत्रात असायचं आणि घरच्यांना ठाऊक असायचं, की त्याचं आंत्रपुच्छ कित्येक वर्षांपूर्वीच काढलेलं आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैनिकांना हार्टहाइमच्या गढीत हिशोबाचे कागद सापडले. मारलेल्या माणसांमुळे दहा वर्षांत देशाचे किती पैसे वाचतील, याची त्यात मांडणी होती. आकडा होता सुमारे ८८.५ कोटी मार्क. पाव, चीज, मुरंबा किती किलो वाचेल, तेही लिहिलेलं होतं. वर्गातल्या उदाहरणात आणि या कागदांत हिशोबाची रीत एकच आहे.

प्रचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो व्यासपीठावरून हातवारे करत ओरडणारा पुढारी आणि त्याच्यापुढे भारावलेली गर्दी. ते चित्र खोटं नाही, पण त्याने आपली दिशाभूल होते. भारावून टाकणारं भाषण कधीतरी असतं. दर रविवारी घरी, दररोज शाळेत आणि दर महिन्याला दारावर जे येत राहतं, त्यातून आज्ञाधारक समाज घडतो. नाझी जर्मनीचं उदाहरण मी घेतलं आहे, कारण असा समाज घडवणारा तिथला कारखाना कसा चालला याची कागदपत्रं शिल्लक आहेत आणि त्यांवर ऐंशी वर्षं अभ्यास झाला आहे.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. दीड महिन्यात, १३ मार्चला, लोकप्रबोधन आणि प्रचार असं नाव लावून एक नवं खातं उघडलं गेलं आणि पस्तीस वर्षांचा योझेफ गोबेल्स त्याचा मंत्री झाला. हायडेलबर्ग विद्यापीठातून साहित्यात डॉक्टरेट केलेला हा माणूस होता. महिना संपायच्या आत त्याने आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांना बोलावून जी समज दिली, तिचा मथितार्थ असा, की काहीही करा, पण कंटाळवाणे होऊ नका. ही सूचना नीट लक्षात घ्यायला हवी. सत्ता हाती आल्याच्या पहिल्या काही महिन्यांत रेडिओवर भाषणांचा मारा झाला होता आणि लोक वैतागले होते. मग भाषणं कमी झाली आणि संगीत वाढलं. युद्धकाळात रविवारी विनंती संगीताचा एक कार्यक्रम लागायचा. आपल्याकडच्या 'आपली आवड'सारखाच, फक्त फर्माइशी आघाडीवरच्या सैनिकांच्या असायच्या. गाण्यांच्या मधे कोणाला मुलगा झाला, कोणाला मुलगी, हे निवेदक वाचून दाखवायचा. घरोघरी माणसं त्यासाठी रेडिओभोवती जमत. सिनेमाचंही तसंच होतं. नाझी राजवटीच्या बारा वर्षांत निघालेल्या हजारभर चित्रपटांपैकी बहुसंख्य निव्वळ करमणुकीचे होते. द्वेषाचे चित्रपट मोजके होते, आणि त्यांतही जो माहितीपटासारखा रूक्ष होता, तो पडला. 'यूद झ्युस' हा १९४०चा, नटनट्या, प्रेम आणि सूड असलेला चित्रपट मात्र सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला.

रेडिओ घरात यायचा तर तो परवडायला हवा. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'जनतेचा रेडिओ' मांडला गेला. किंमत ७६ मार्क, बाजारातल्या इतर संचांपेक्षा बरीच कमी. त्याच्या नावातला ३०१ हा आकडा ३० जानेवारीची, हिटलर सत्तेवर आला त्या तारखेची आठवण म्हणून होता. १९३८ मध्ये आणखी छोटा संच आला, ३५ मार्कांचा. लोकांनी त्याला 'गोबेल्सचं थोबाड' असं नाव ठेवलं आणि विकतही घेतला. युद्धाच्या तोंडावर साधारण ७० टक्के घरांत रेडिओ होता. युद्ध सुरू झालं त्याच दिवशी परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरलं, आणि तशी ताकीद देणारी एक छोटी पट्टी रेडिओच्या बटणाला अडकवलेली असायची. बटण फिरवायला गेलेल्या हाताला ती आधी लागायची.

आता प्रश्न असा, की या रेडिओने लोकांची मनं खरंच बदलली का? २०१५ मध्ये पाच अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातली मतदानाची आकडेवारी आणि रेडिओ कोणत्या भागात किती स्पष्ट ऐकू यायचा याचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले. १९३३ पूर्वी सरकारी रेडिओ नाझींना अनुकूल नव्हता. तेव्हा जिथे रेडिओ चांगला ऐकू यायचा, तिथे नाझींची मतं कमी राहिली. रेडिओ हिटलरच्या ताब्यात गेल्यावर काही आठवड्यांतच वारं फिरलं. त्यांच्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. ज्या गावांत ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती, तिथे रेडिओवरच्या द्वेषाने तो आणखी भडकला. जिथे तशी परंपरा नव्हती, तिथे तोच प्रचार उलटला आणि लोक त्यापासून दूर गेले.

म्हणजे प्रचार कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. शेजाऱ्याबद्दलची असूया, पहिल्या महायुद्धातल्या पराभवाचा सल, महागाईत बुडालेली बचत, आजोबांकडून ऐकलेल्या ज्यूंबद्दलच्या कागाळ्या, हे मनात आधीपासून पडून असतं. सभ्यपणामुळे माणूस ते चारचौघांत बोलत नाही. प्रचार येतो आणि त्याला सांगतो, की बोल, आता हरकत नाही, सगळे हेच म्हणताहेत. न्यूरेंबर्गचा युलियस श्ट्राइशर हा मुळात शाळामास्तर. त्याचं 'डेर श्ट्युर्मर' हे साप्ताहिक इतकं गलिच्छ होतं, की ते घरी आणायची कित्येकांना लाज वाटे. म्हणून ते काचेच्या पेट्यांमध्ये लावून चौकाचौकांत, बसथांब्यांवर टांगलं गेलं. येताजाता दिसणाऱ्या गोष्टीची लाज हळूहळू जाते. ही लाज घालवणं हेच त्या पेट्यांचं काम होतं.

मन वळत नसेल, तर हात वळवता येतात, आणि हात वळले की मन मागून येतं. या बाबतीत नाझींच्या सगळ्या योजनांमधली मला सर्वांत भेदक वाटते ती स्वयंपाकघरातली. ऑक्टोबर १९३३ पासून हिवाळ्याच्या महिन्यांत एक रविवार 'एकाच पातेल्याचा रविवार' ठरला. रविवारी जर्मन घरात मांस भाजायची पद्धत होती. त्या दिवशी तसं न करता डाळी, बटाटे, भाज्या आणि थोडं मांस एकाच भांड्यात शिजवायचं, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या हिवाळी मदतनिधीला द्यायचे. हॉटेलांनाही नियम लागू होता. मंत्री त्या दिवशी रस्सा खातानाची छायाचित्रं छापून येत. दुपारी निधी गोळा करणारा दारावर यायचा आणि यादीत नावापुढे रक्कम लिहायचा. रस्त्यात डबे घेतलेली मुलं उभी असायची. पैसे टाकले की कोटाला लावायला छोटा बिल्ला मिळायचा, काचेचा, लाकडाचा, चिनीमातीचा. दर वेळी नवा नमुना, त्यामुळे मुलांना जमवायचा छंद लागला.

यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? गरिबांसाठी पैसे द्यायचे आहेत आणि तेही थोडे. हिटलर न आवडणारी बाईसुद्धा त्या रविवारी पातेलं चढवायची, कारण जिन्यातून वास सगळ्यांना येतो आणि यादी सगळ्यांना दिसते. ती बिल्ला लावून बाहेर पडली की समोरची बाई तो पाहून समजायची, की हीसुद्धा त्यांच्यातलीच. समोरच्या बाईच्या कोटावरही बिल्ला असायचा आणि तोही तितकाच नाइलाजाचा असू शकत होता. दोघी एकमेकींना गप्प बसायला लावत होत्या आणि दोघींना ते ठाऊक नव्हतं. उजवा हात पुढे करून करायच्या अभिवादनाचंही तेच. दुकानात, पोस्टात, शाळेत, दिवसातून पन्नास वेळा. प्रत्येक वेळी माणूस आपली संमती जाहीर करत होता आणि इतरांची संमती पाहत होता.

याचा दुसरा परिणाम आतून होतो. १९५९ मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक अत्यंत रटाळ काम करायला लावलं आणि मग बाहेर थांबलेल्या पुढच्या विद्यार्थ्याला 'काम मजेदार आहे' असं सांगायला सांगितलं. काहींना या खोटेपणाबद्दल २० डॉलर दिले, काहींना एकच डॉलर. नंतर विचारल्यावर एक डॉलर घेतलेल्यांना ते काम खरोखरच बरं वाटलेलं होतं. वीस डॉलरवाल्याला आपण खोटं का बोललो याचं कारण खिशात मिळत होतं. एक डॉलरवाल्याकडे कारणच नव्हतं, म्हणून त्याने आपलं मत बदलून घेतलं. थोडक्या मोबदल्यात, थोड्या दडपणाखाली केलेली कृती माणसाला आपली स्वतःची वाटू लागते. एकदम मोठा त्याग मागितला तर माणूस दचकतो. वाटीभर रश्शाला तो दचकत नाही.

दडपणही नव्हतं असं नाही. छळछावण्या १९३३ पासूनच होत्या आणि त्यांची माहिती वर्तमानपत्रांत मुद्दाम येऊ दिली जायची. पण गुप्त पोलिस, म्हणजे गेस्टापो, संख्येने फार नव्हते, ऐन भरातही साऱ्या साम्राज्यात तीसेक हजार. त्यांच्या फायली अभ्यासणाऱ्या रॉबर्ट गेलाटली यांना दिसलं, की कितीतरी प्रकरणांची सुरुवात सामान्य नागरिकाच्या चुगलीने झाली होती. त्यांत विचारसरणीपेक्षा भाऊबंदकी, घरभाड्याचं भांडण, धंद्यातली स्पर्धा अशीच कारणं पुष्कळदा निघत.

मुलांचं मात्र वेगळं होतं. मोठ्या माणसाला तुलना करायला निदान आधीचा काळ आठवतो. १९३० साली जन्मलेल्या मुलाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. १९३२च्या अखेरीस हिटलर युवा संघटनेत लाखभर मुलं होती, वर्षभरातच ती वीस लाखांवर गेली, १९३६ मध्ये कायदा झाला आणि १९३९ मध्ये सदस्यत्व सक्तीचं झालं. दहाव्या वर्षी नाव घातलं जायचं, तेही हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, समारंभाने. गणवेश, तंबू, शेकोटी, डोंगरातल्या सहली, ढोल, आणि नेता म्हणून आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा. शिक्षक आणि आईबाप यांच्यापेक्षा आपलं काही महत्त्व आहे, असं त्या मुलांना प्रथमच कोणीतरी सांगत होतं. डिसेंबर १९३८ मध्ये रायशेनबर्गच्या सभेत हिटलरने ही शिडी उघडपणे वर्णन करून सांगितली. दहाव्या वर्षी मूल आमच्याकडे येईल, मग युवक संघटना, मग पक्ष किंवा श्रमसेवा, मग सैन्य, आणि ते जन्मभर पुन्हा मोकळं होणार नाही. सभेने टाळ्या वाजवल्या.

ते कितपत खरं ठरलं, याचंही मोजमाप झालं आहे. निको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोट या दोन संशोधकांनी १९९६ आणि २००६ मध्ये जर्मनीत झालेल्या मोठ्या सर्वेक्षणांची उत्तरं जन्मवर्षानुसार लावून पाहिली. १९३०च्या दशकात जन्मलेल्या, म्हणजे ज्यांचं बालपण त्या राजवटीत गेलं, त्या पिढीत टोकाचा ज्यूद्वेष बाळगणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांपेक्षा लक्षणीय जास्त निघालं. राजवट कोसळून पन्नास-साठ वर्षं झाली होती. मधे न्यूरेंबर्गचे खटले झाले होते, छावण्यांची चित्रफीत अनेकांनी पाहिली होती, शाळांतून नवा इतिहास शिकवला गेला होता. लहानपणी बसलेलं निघालं नव्हतं.

शाळेच्या पुस्तकांत वंशभेदाचे हे विचार आले ते विद्यापीठांतून. तिथे एका मराठी नावाशी आपली गाठ पडते. १९२७ मध्ये बर्लिनच्या डाहलेम भागात मानववंश आणि आनुवंशिकी यांची एक भव्य संस्था उघडली. संचालक होते ऑयगेन फिशर, तेव्हाचे जगन्मान्य शास्त्रज्ञ. त्याच सुमारास इरावती कर्वे तिथे त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला पोहोचल्या. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य घालवणाऱ्या त्याच इरावतीबाई. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत थोडा फरक असतो, आणि तो फरक वंशाप्रमाणे बदलतो, गोऱ्या माणसाची बुद्धी त्यातून दिसते, अशी गुरूंची धारणा होती. इरावतीबाईंनी युरोपीय आणि युरोपाबाहेरच्या कवट्या घेतल्या, एकेक माप काळजीपूर्वक नोंदलं आणि प्रबंधात लिहिलं, की वंशाचा या फरकाशी संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी गुरूंच्या हातात. तरी मापांनी जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. हे धैर्य त्यांच्या लेखनाइतकंच मोठं आहे, आणि आपण त्याची आठवण फार कमी काढतो.

तो निष्कर्ष जर्मन शाळांच्या पुस्तकांपर्यंत गेला नाही. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी जुलैत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि पुढे सुमारे चार लाख माणसांची नसबंदी केली गेली. मुलांना शिकवलं गेलं ते वंशविज्ञान, आणि त्यावर प्राध्यापकांची मोहर होती. सामान्य माणूस प्राध्यापकाशी वाद घालत नाही. खोट्या गोष्टीला विद्वत्तेची मोहर लावणाऱ्यांची जबाबदारी, माझ्या मते, चौकात पेट्या टांगणाऱ्यांहून जास्त आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की असं लहानपणापासून घडवलेले तरुणच पुढे कत्तली करायला गेले. जुलै १९४२ मधली एक सकाळ हा समज मोडते. पोलंडमधल्या युझेफूव या गावी १३ जुलैला राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी पोहोचली. सुमारे पाचशे माणसं, बहुतेक हॅम्बुर्गची, बहुतेक चाळिशीच्या आसपासची. गोदीकामगार, ट्रकचालक, कारकून, दुकानदार. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ही माणसं वयाने मोठी झालेली होती. हॅम्बुर्ग हे काही नाझींचं बलस्थान नव्हतं. त्यांचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप याने पहाटे सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करून हुकूम सांगितला. गावातल्या ज्यू पुरुषांपैकी कामाचे बाजूला काढायचे, बाकीच्यांना, बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांना जंगलात नेऊन गोळ्या घालायच्या. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता, डोळ्यांत पाणी होतं. मग तो म्हणाला, की वयस्कांपैकी ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी पुढे यावं. आधी एकजण पुढे आला. त्याच्या वरिष्ठाने त्याला झापलं, ट्रापने त्याला पाठीशी घातलं. मग आणखी दहा-बारा आले. बाकीचे जागचे हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत सुमारे १,५०० माणसं मारली गेली.

या तुकडीतल्या लोकांचे जबाब १९६०च्या दशकात हॅम्बुर्गच्या सरकारी वकिलांनी घेतले आणि त्यांवरून क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे न येण्याचं कारण म्हणून अनेकांनी जे सांगितलं ते ऐकून सुन्न व्हायला होतं. सहकाऱ्यांपुढे भित्रं ठरायचं नव्हतं. आपण बाजूला झालो असतो, तर घाणेरडं काम दुसऱ्यांच्या गळ्यात पडलं असतं. नकार दिला म्हणून गोळी घातली गेली किंवा छावणीत पाठवलं, असं एकही उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत आरोपींच्या वकिलांना दाखवता आलं नाही. ब्राउनिंग यांच्या निष्कर्षाला डॅनियल गोल्डहागेन यांनी १९९६ मध्ये जोरदार विरोध केला. त्यांच्या मते जर्मन समाजात मुरलेला ज्यूद्वेष हेच खरं कारण होतं. मला वाटतं, दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय त्या सकाळचा अर्थ लागत नाही. नऊ वर्षांच्या प्रचाराने ज्यू माणसाला 'आपल्या' वर्तुळाबाहेर ढकललं होतं. समोर उभ्या असलेल्या आईमुलाचं मत त्या पोलिसांच्या लेखी मोजायचं मतच राहिलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला आपल्याबद्दल काय वाटेल, एवढंच उरलं होतं.

माणूस शेजारच्याकडे पाहून वागतो, याची राज्यकर्त्यांना पुरेपूर जाण होती, आणि म्हणून त्यांना एकट्यादुकट्याच्या उघड नकाराची एवढी धास्ती वाटायची. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फोन गालेन यांनी चर्चमधल्या प्रवचनात रुग्णांच्या हत्यांचा जाहीर निषेध केला. लोकांना कुणकुण आधीच होती, कारण घरोघरी आलेल्या पत्रांतल्या खोट्या गोष्टी जुळत नव्हत्या. बिशपांनी ती भर सभेत उच्चारली. प्रवचनाच्या नकला हातोहात देशभर फिरल्या. बिशपांना फाशी द्यावं असं पक्षातल्या काहींचं म्हणणं होतं, पण त्या भागातला पाठिंबा युद्धकाळात गमावणं परवडणार नाही, असं गोबेल्सचं मत पडलं. २४ ऑगस्टला हिटलरने वायूने मारणं थांबवायचा हुकूम दिला. त्यानंतरही उपासमारीने आणि इंजेक्शनांनी रुग्ण मारले जात राहिले, आणि ज्यूंसाठी बिशपांनी असा आवाज उठवला नाही, हेही त्याच इतिहासात आहे. त्या प्रवचनाच्या प्रती वाटल्याबद्दल ल्युबेकच्या चार धर्मगुरूंना पकडलं आणि १९४३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

१८ फेब्रुवारी १९४३ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. स्टालिनग्राडला जर्मन सैन्याची शरणागती होऊन पंधरवडा झाला होता. संध्याकाळी बर्लिनच्या क्रीडागृहात गोबेल्सने निवडक हजारोंच्या सभेला दहा प्रश्न विचारले. सर्वंकष युद्ध हवं का, हा त्यांपैकी सर्वांत गाजलेला. प्रत्येक प्रश्नाला गर्जना उठली आणि रेडिओवरून ती घराघरांत गेली. ही सभा म्हणजे अवघ्या जर्मन जनतेचा नमुना आहे, असं त्याने सांगितलं. तिथे बसलेले लोक पक्षाने वेचून आणलेले होते. त्याच दिवशी सकाळी म्युनिक विद्यापीठात एकवीस वर्षांची सोफी शोल आणि तिचा चोवीस वर्षांचा भाऊ हान्स यांनी वर्गांच्या दारांबाहेर पत्रकं ठेवली. उरलेला गठ्ठा सोफीने वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली चौकात ढकलला. इमारतीच्या रखवालदाराने ते पाहिलं आणि दोघांना पकडून दिलं. चार दिवसांत खटला आणि शिक्षा, दोन्ही उरकलं. हान्स, सोफी आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट यांना २२ फेब्रुवारीला मारलं.

हे बहीणभाऊ मुळात विरोधी गोटातले नव्हते. हान्स हिटलर युवा संघटनेत उत्साहाने नेता झालेला होता, १९३५च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यात तो ध्वज घेऊन गेला होता. सोफीही मुलींच्या संघटनेत रमली होती. त्यांचे वडील रोबेर्ट शोल मात्र पहिल्यापासून हिटलरच्या विरोधात होते आणि जेवणाच्या टेबलावर मुलांशी वाद घालत राहिले. मुलांनी ऐकलं नाही तेव्हाही त्यांनी बोलणं सोडलं नाही. पुढे कचेरीत हिटलरविरुद्ध काढलेल्या उद्गारांबद्दल त्यांना स्वतःला तुरुंगवास झाला. मुलांचं मन एका वादाने बदललं नाही, त्याला वर्षं लागली. पण घरात दुसरा आवाज होता. त्या काळी बहुतेक घरांत तो नव्हता किंवा मुलांच्या भीतीने दबलेला होता.

शेवटी, आज्ञाधारकतेबद्दल सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या प्रयोगाविषयी. १९६१ मध्ये, जेरुसलेमला नाझी अधिकारी आइशमन याच्यावरचा खटला चालू असताना, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सामान्य नागरिकांना बोलावून एका माणसाला विजेचे वाढते झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. शास्त्रज्ञ शांतपणे 'पुढे चालू ठेवा' असं म्हणायचा. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. हा ६५ टक्क्यांचा आकडा शिक्षकांपासून वक्त्यांपर्यंत सगळे सांगतात आणि ऐकणारा मान हलवून म्हणतो, की माणूस असाच आहे. मिलग्रॅम यांनी प्रयोगाचे आणखीही प्रकार केले होते. एका प्रकारात झटके देणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघांना सहकारी म्हणून बसवलं. ते दोघे संशोधकाचेच होते. ठरल्याप्रमाणे एकाने मधेच उठून 'मी पुढे जाणार नाही' असं सांगितलं आणि थोड्या वेळाने दुसऱ्यानेही. त्या प्रकारात ४० पैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. तुम्ही मुलांना, विद्यार्थ्यांना हा प्रयोग सांगाल तेव्हा पहिल्या आकड्यावर थांबू नका, हा दुसरा आकडाही सांगा.